माझ्या नावाचा लेख

माझी मुलगी फार चांगलं लिहायला लागली आहे, आणि ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

मैना चोवीस वर्षांची आहे. मराठी घेऊन बी. ए. झाली. गेल्या जूनपासून ती पेणला एका प्रकाशनात संपादन साहाय्यक म्हणून काम करते, इंदुबाई नावाच्या एका बाईंकडे खोली घेऊन राहते आणि रविवारी पॅसेंजरने रोह्याला घरी येते. व्यसन नाही, वाकडं पाऊल नाही. अशा मुलीच्या आईने रात्री गाढ झोपावं. तिचे वडील धाटावच्या कंपनीत रात्रपाळीला जाताना दारातून मला तेच सांगून गेले. "नोकरी आहे ती, देवपूजा नाय. तू उगाच डोकं लावू नकोस."

डोकं लावू नकोस, हा सल्ला मला आयुष्यभर मिळत आला आहे. देणाऱ्यांपैकी कुणी स्वतःचं डोकं कधी लावलेलं मी पाहिलेलं नाही.

टेबलावर घड्याळाखाली एक संमतिपत्र ठेवलेलं आहे. त्यावर माझी सही हवी आहे. उद्या सकाळी नऊ वाजता एका पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा बनायला जातील, आणि त्या पुस्तकात एक लेख माझ्या नावाने असेल. तो मी लिहिलेला नाही. मैनाने लिहिला आहे.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निडी स्टेशनवर उतरून आत पाऊण तास चाललं की जे गाव लागतं, तिथली शाळा. आता आम्ही रोह्याला लागून वरश्याला राहतो, पण तेव्हा त्याच गावात राहत होतो. मी शाळेतून येईपर्यंत मैना धोंडुबाईपाशी असायची. धोंडुबाई शाळेचं पटांगण झाडायची, पाणी भरायची आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून मैनाला गोष्टी सांगायची. मी आणायला गेले की दारातूनच वाद ऐकू यायचा.

"धोंडुआजी, हा राक्षस काल मेला होता!"

"मेला व्हता गो बाय. पन आज गोष्टीला लागला, म्हनून उठवला."

"मग राणीला माहीत आहे का, तो मेला होता ते?"

"तुझी आयस मास्तरीन हाय ना? तिला इचार. माजा भात करपतोय."

मला त्या पोरीचा भारी अभिमान होता. वाटायचं, ही मोठी झाली की चांगल्या चांगल्या लेखकांची पुस्तकं हिच्या हाताखालून जातील आणि ही त्यांचे मेलेले राक्षस पकडून देईल. संपादक म्हणजे असं काम करणारा माणूस, अशी माझी समजूत होती. कॉलेजात शिकलेल्या बायकांच्या पुष्कळ समजुती अशाच असतात.

मग जगनशेठ भेटले.

जगनशेठच्या प्रकाशनाच्या नावात साहित्यही आहे आणि संस्कृतीही आहे. पुस्तकांत दोन्ही नाहीत. त्यांनी लग्नपत्रिकांपासून सुरुवात केली, मग आरत्यांच्या पुस्तिका काढल्या, मग दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच, आणि गेली दहा वर्षं ते गौरवग्रंथ काढतात. एखादा चेअरमन, माजी सभापती, पतपेढीचा अध्यक्ष साठीला किंवा पंचाहत्तरीला पोचला की त्याचे मुलगे आणि कार्यकर्ते मिळून त्याच्यावर विटेएवढं पुस्तक काढतात. कव्हरवर फेटा. आत तीस-चाळीस पानं शुभेच्छा, मग पन्नास-साठ लोकांच्या आठवणी, मग रंगीत फोटो आणि शेवटी रंगीत फोटोंत न मावलेली नातवंडं. आठवणींच्या खाली ज्यांची नावं असतात त्यांतल्या कुणीही त्या लिहिलेल्या नसतात. कुणाला सवड नसते, कुणाला लिहिता येत नाही, आणि बहुतेकांना काही आठवत नाही.

पहिल्या दिवशी मी मैनाबरोबर गेले होते. कचेरी एका गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर. जिन्यात दोन्ही बाजूंना रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती, त्यांना पदर लागू न देता चढायचं. वर टेबलं, कागद, कॉम्प्युटर, सगळ्यांवर प्लास्टरची बारीक पूड. जगनशेठनी खुर्ची पुसली आणि मला बसवलं.

"बाई, पुण्याची मंडळी वाचक शोधतात आणि उपाशी मरतात. आपण सत्कारमूर्ती शोधतो. वाचक संपतील, सत्कारमूर्ती नाय संपायचे." मग त्यांनी मैनापुढे एक फाइल ठेवली. "हे आपलं भांडवल. जपून वापर."

फाइलीत अकरा लेख होते. वर्गमित्राची आठवण, सहकाऱ्याची आठवण, गरीब विद्यार्थ्याची, कामगाराची, वहिनीची. नावाच्या जागा रिकाम्या. जगनशेठनी पायाने फरशीवर ठोकलं. "खाली जसे साचे, तसे वर साचे. माती घालायची, मूर्ती काढायची."

आपण काही लाजिरवाणं बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी घरी येताना सबंध गाडीत मैनाला म्हणत होते, हे प्रकाशन नाही, ही पत्रावळी लावायची जागा आहे. ती खिडकीबाहेर बघत होती.

पहिल्याच आठवड्यात तिला तिचा मेलेला राक्षस सापडला. धरमतरच्या खाडीकडे भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे लांब बांध असतात. बांध फुटला की खांड पडली म्हणतात, आणि ती बुजवायला ओहोटी असेल तेवढ्या वेळात अख्खा गाव चिखलात उतरतो, घरटी एक माणूस. एकट्याने खांड बुजवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. जगनशेठच्या ग्रंथांत मात्र असे चार होते. चौघांनीही एकाच अमावस्येला, जिवाची पर्वा न करता, त्याच खांडीत उडी घेतली होती. त्यांतला एक आमच्या इकडचा, वालाची शेती करणारा, खाडीपासून कितीतरी आत राहणारा. आणि एक गुरांचा डॉक्टर.

मैनाने चारही पुस्तकं जगनशेठपुढे उघडून ठेवली. "शेठ, हे चौघं एकाच रात्री एकाच खांडीत होते."

"बरं झालं की. एकटा असता तर बुडाला असता."

काळुराम कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाला, "डाक्टर बुडनार नाय शेठ. म्हशीसंगती पवायला शिकला आसंल." हा काळुराम मोसमात खाली गणपतींचे डोळे आखतो आणि बाकीचे महिने वर टायपिंग करतो.

"आणि मैना, वाचतं कोण?" जगनशेठ म्हणाले. "ज्याचं पुस्तक, तो आपला फोटो बघतो. ज्याचा लेख, तो आपलं नाव बघतो. उरलेले जेवायला येतात."

हे सगळं तिने त्या रविवारी नक्कल करून सांगितलं. आम्ही तिघं पोट धरून हसलो. मी म्हटलं, सोड ती नोकरी. ती म्हणाली, "सोडू कशाला? सुधारते."

तो शब्द मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता. मला वाटलं, खोटं काढून टाकेल. तिने साचे काढून टाकले.

ज्याच्या नावाने आठवण छापायची त्याच्याकडे ती स्वतः जायला लागली. एस.टी.ने, विक्रम रिक्षाने, बांधावरून चालत. वही घेऊन त्याच्या ओटीवर बसायची. तो कसा बोलतो, कुठे अडतो, कुठल्या शिवीला स्वतःच हसतो, सगळं उतरवून घ्यायची. दिवाळीच्या आधी धरमतरकडच्या एका माजी सभापतींचा ग्रंथ निघाला. त्यात पोपट नावाच्या मिठागरावरच्या म्हाताऱ्याची दोन पानं मैनाची होती. मिठाने फुटलेल्या टाचा, बायको त्यांवर चोळायची ते करंजाचं तेल, आणि सभापतींनी एका सकाळी त्याच्या डोक्यावरची मिठाची टोपली उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली, ती हकिकत. समारंभाच्या मांडवातच तिने ती पानं पोपटला वाचून दाखवली. म्हातारा रडला. म्हणाला, "माजे पोटातला बोललीस गो पोरी."

मी विचारलं, "सभापतींनी खरंच टोपली घेतली होती?"

"टाचा आणि तेल त्यानेच सांगितलं."

"मी टोपलीचं विचारते."

"त्याला आवडली ना, आई. आता तर त्याला ती आठवतेसुद्धा. रंग कसला होता सभापतींच्या सदऱ्याचा, ते सांगत होता सगळ्यांना."

ती हे हसत सांगत होती. काळजी मला तिथून लागली. जगनशेठचं खोटं लांबून खोटं दिसायचं. त्या माणसाच्या अंगात तेवढा एकच प्रामाणिकपणा होता. खांडीत उडी मारणाऱ्या गुरांच्या डॉक्टरवर कुणाचा विश्वास बसणार? मैनाच्या टोपलीवर मात्र ज्याची टोपली त्याचाही बसला. काळुराम तिला म्हणाला म्हणे, "ताई आल्यापासून ग्रंथाला डोळं आलं." हे वाक्य तिने मला तीनदा सांगितलं आहे.

नोव्हेंबरात हैबतराव जगनशेठकडे आले.

हैबतराव म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे चेअरमन. मी नोकरीला लागले तेव्हाही तेच, निवृत्त झाले तेव्हाही तेच, आणि बहुतेक मेल्यावरही तेच असतील. गावातली वालाची सगळ्यांत मोठी शेती त्यांची. थंडीत शेंगा भरल्या की शाळेत परिपत्रक फिरायचं. श्रमदान! मोठ्या वर्गांनी शिक्षकांसह सकाळी सातला चेअरमनसाहेबांच्या शेतावर हजर राहावं. पोरं दिवसभर शेंगा तोडायची, आणि संध्याकाळी त्यांतल्याच शेंगा मडक्यात भाजून साहेब त्यांना पसापसा वाटायचे. वर भाषण करायचे, की शहरातल्या मुलांच्या नशिबी अशी पोपटी नाही. आम्ही वहीत त्या दिवशी 'कार्यानुभव' लिहायचं.

१९८६ साली मला पहिल्यांदा आठवीचा वर्ग मिळाला. मी तो शेतावर नेला नाही. वर्गात बसवला आणि निबंध लिहायला दिला. त्याच जूनमध्ये माझी बदली डोंगरापलीकडच्या शाखेत झाली. तिथे दोन खोल्या होत्या आणि जायला रस्ता नव्हता. चार वर्षं मी तो डोंगर चढले-उतरले. ही गोष्ट मैनाने माझ्याकडून पन्नास वेळा ऐकली आहे. मला ती सांगायला आवडते. तीत मी छान दिसते.

तर या हैबतरावांची येत्या सव्वीस जानेवारीला पंचाहत्तरी. त्यांनी जगनशेठना साठ नावांची यादी दिली. एका नावाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. सौ. शांती रघुनाथ भोईर. म्हणजे मी. एकोणसाठ लोक स्तुती करणार यात त्यांना रस नव्हता. जिने वर्ग नेला नाही तिने दोन शब्द चांगले लिहावेत, ही त्यांची भूक. संस्था झाली, पंचायत झाली, मुलगे आणि नातू मार्गी लागले, तरी एका मास्तरणीचं न मिळालेलं कौतुक या माणसाच्या घशात अठरा वर्षं अडकून राहिलं आहे.

जगनशेठ मैनाला म्हणाले, "तुझी आईच की! घरातलंच काम." आणि पुढे म्हणाले, की या ग्रंथात पहिल्या पानावर 'संपादन साहाय्य : मैना भोईर' असं छापू. नाव छापलं म्हणजे नोकरी कायम. मात्र हैबतरावांचं मन राखलं गेलं पाहिजे.

मला तिने यातलं काही आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आज जेवण झाल्यावर पिशवीतून प्रूफ काढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि भांडी घासायला गेली. ती एरवी भांडी घासत नाही.

लेखाचं शीर्षक होतं 'दव उतरायच्या आत'. हे माझे शब्द. माझी आई वाल तोडायला जायची तेव्हाचं मी असंच सांगते, दव उतरायच्या आत जावं लागे म्हणून. मी वाचायला लागले. "मुलांचे पाय ओल्या पाल्याने गार व्हायचे आणि कुणीच तक्रार करायचं नाही. साहेब बांधावर उभे असायचे. तोडलेली पहिली ओंजळ ते वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलीच्या ओच्यात टाकायचे आणि म्हणायचे, बाय, ही तुझी. मी माझा वर्ग नेत असे तो त्या एका ओंजळीसाठी."

वाईट काय झालं ते लिहिते. मला ते आठवायला लागलं. गार पाला आठवला. ओच्यात शेंगा टाकणारा हात दिसला, त्या हातात अंगठी होती. चांगला मिनिटभर मी त्या बांधाजवळ उभी होते. मी वर्ग घेऊन त्या शेतावर जन्मात गेलेली नाही.

मैना पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. माझ्याच पदराला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुझा लेख."

"माझा?"

"भाषा तुझी आहे की नाही, तेवढं सांग."

"भाषा माझी आहे, म्हणून तर विचारते. मी वर्ग नेला नव्हता, हे तुला माहीत नाही?"

"मला दोन गोष्टी माहीत आहेत," ती म्हणाली. "एक तू सांगतेस ती. दुसरी हैबतरावांच्या ओटीवर काचेत लावलेली आहे."

मी प्रूफ घडी करून ठेवलं. मला कळलं होतं.

"माहिती घ्यायला गेले होते त्यांच्याकडे. चहाचा कप हातात होता. समोर भिंतीवर मानपत्र, साठीचं. अक्षर तुझं. मी ते अक्षर कुठेही ओळखेन. ते म्हणाले, तुझ्या आयशीनं लिवलेला हाय, असा मानपत्र पुन्यांदा झाला नाय. मला पाठ म्हणून दाखवलं, आई. 'कोवळ्या मुलांना मातीचा लळा लावणारे भूमिपुत्र.' मी त्या एका ओळीची दोन पानं केली. बाकी काही घातलं नाही."

"त्यावर माझं नाव नव्हतं."

"नव्हतंच. 'समस्त शिक्षकवृंद' होतं. मी निदान नाव तरी घालते."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, त्या जगनशेठच्या खांडीत तूही बुडालीस.

"चौघं आहेत तिथे," ती म्हणाली. "सोबत आहे."

निघताना ती दारात चपलेचा पट्टा लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागद घड्याळाखाली ठेवलाय. सही केलीस तर बरं. नाही केलीस तरी शेठ छापणार, त्यांनी तुझी संमती धरलेली आहे. फक्त मागाहून गावभर बोलत बसू नकोस." पट्टा लागत नव्हता. तो लागल्यावर म्हणाली, "आणि नकोच असेल तर नऊच्या आत कळव. मी काढीन. शेठचं काय ते मी बघेन."

काढला तर शेठचं काय होईल, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. पहिल्या पानावरचं नाव जाईल, आणि त्याच्या मागोमाग नोकरी.

आता ते मानपत्र. मी ते १९८९च्या थंडीत लिहिलं. एका संध्याकाळी डोंगर उतरून आले तर मैना धोंडुबाईकडे नव्हती. अंधार पडला तरी आई आली नाही म्हणून मला शोधायला निघाली होती, आणि वाट चुकून निडीकडे गेली होती. धोंडुबाईला ती रुळांच्या कडेने चालताना सापडली. धोंडुबाईने आधी तिला दोन लगावल्या, मग मला सुनावलं. "मास्तरीनबाय, तुजा मान तू बग. पोर माज्याच्यान सांबाळत नाय."

पंधरा दिवसांनी हेडमास्तर म्हणाले, साहेबांची साठी आहे, मानपत्र हवं, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी हो म्हटलं. ते लिहिताना माझा हात थरथरला, डोळ्यांत पाणी आलं, असं काही झालं नाही. उलट मजा आली. 'श्रमदान' हा शब्द घालायचा नव्हता, त्यावर बराच वेळ अडले, मग 'मातीचा लळा' सुचलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. जूनमध्ये बदली रद्द झाली. तेव्हापासून मी गोष्टीचा पहिला अर्धा भाग सांगत आले आहे, आणि जगनशेठसारख्या माणसांना नावं ठेवत आले आहे. जगनशेठच्या फाइलीतले साचे मला लांबून ओळखता आले. ओळखू येणारच.

मैना हे कुठून शिकली, याचा मी गेले दोन महिने विचार करत होते. जगनशेठकडे शिकली म्हणावं तर त्या माणसाला एक वाक्य धड लिहिता येत नाही.

घड्याळात पावणेबारा झालेत. सकाळपर्यंत थांबले तर मी चहा करीन, हे कामावरून येतील, डोकं लावू नकोस म्हणतील, आणि नऊ वाजून जातील. मी मैनाला आत्ता फोन करणार आहे. इंदुबाईंचा फोन त्यांच्या उशाशी असतो. त्या उठतील आणि कोण गेलं म्हणून विचारतील. विचारू देत.

मैनाला सांगेन, लेख काढ. माझं नाव त्या पुस्तकात नको. आणि मानपत्राचं तू बोललीस ते बरोबर बोललीस, वर्ग मी नेला नव्हता हेही खरं आहे आणि ती ओळ माझीच हेही खरं आहे. रुळांवरची संध्याकाळ तिला आठवत असेल, तिचा मानपत्राशी संबंध ठाऊक नसणार, तो सांगेन. तुझ्यासाठी लिहिलं, असं मात्र म्हणणार नाही. ते आयांचं ठरलेलं वाक्य आहे, जगनशेठच्या फाइलीत शोभेल. मला डोंगर चढायचा कंटाळा आला होता, हेही त्यात होतं. तेही सांगेन. मग ती काय म्हणेल मला माहीत नाही. फोन ठेवून देईल कदाचित.

नंबर पाठ आहे. चष्मा काढून ठेवते आणि फोन लावते.